नजर फिरत नाही

मराठीत आपण पानावरून नजर फिरवतो, गर्दीवरून नजर फिरवतो, हिशेबाच्या वहीवरूनही नजर फिरवतो. या शब्दप्रयोगामागे एक चित्र दडलेले आहे. नजर म्हणजे जणू विजेरीचा झोत आणि तो वस्तूंवरून सलग सरकत जातो, असे ते चित्र. ते चुकीचे आहे. मात्र याच भाषेत 'नजर टाकणे' आणि 'नजर खिळणे' असेही दोन प्रयोग आहेत आणि शरीरशास्त्राच्या कसोटीवर ते आश्चर्य वाटावे इतके अचूक ठरतात. डोळा एका जागी खिळतो, झटक्यासरशी दुसरीकडे टाकला जातो, तिथे पुन्हा खिळतो. जागेपणी हे सेकंदाला साधारण तीन वेळा चालते. माझा विषय आहे तो मधल्या झटक्याचा. त्या अवधीत आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि दिसत नाही याचाही आपल्याला पत्ता नसतो.

एक खुलासा आधीच केलेला बरा. डोळ्यांच्या जलद हालचाली म्हटले की पुष्कळांना झोप आणि स्वप्ने आठवतात. शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली नोंदवलेल्या त्या हालचाली बंद पापण्यांआडच्या. इथे विषय उघड्या डोळ्यांचा आहे.

डोळ्याला उड्या माराव्या लागतात त्या त्याच्या रचनेमुळे. दृष्टिपटलाच्या मधोमध एक बारीकशी खळगी असते. प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी तिथे दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि लख्ख, बारकाव्यांसह दिसते ते तेवढ्याच भागाने. हा भाग किती लहान? हात पुढे लांब करून अंगठ्याचे नख पाहा. जगाचा जवळपास तेवढाच तुकडा एका वेळी स्पष्ट दिसतो, बाकीचे सगळे कडेकडेला अंधुक होत जाते. या वाक्यातल्या एका शब्दावर नजर रोखून धरा आणि ती न हलवता तीन ओळी खालचा शब्द वाचायचा प्रयत्न करा, म्हणजे हे पटेल. सबंध जग त्या खळगीसमोर आणायचे तर डोळा तुकड्यातुकड्याने हलवत नेण्यावाचून गत्यंतर नाही.

या हालचालीला नाव मिळाले ते फ्रेंच भाषेतून. लुई एमिल जावाल हे पॅरिसमधले नेत्रवैद्य. १८७० च्या दशकाच्या अखेरीस ते वाचनाच्या शरीरशास्त्राचा अभ्यास करत होते. वाचताना डोळा ओळीवरून एकसारखा घसरत जात नाही, धक्क्याधक्क्याने पुढे जातो, ही गोष्ट त्या अभ्यासातून पुढे आली. या धक्क्याला फ्रेंचमध्ये 'सॅकाड' म्हणतात. लगामाला दिलेल्या हिसक्यालाही तोच शब्द. त्याच सुमारास, १८७९ मध्ये, प्रागमध्ये एवाल्ड हेरिंग यांनी पापण्यांवर रबरी नळ्या टेकवून वाचणाऱ्याच्या डोळ्यांचे स्नायू चक्क कानांनी ऐकले. प्रत्येक हिसक्याला एक बारीक आवाज येत होता. जावाल यांची स्वतःची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू गेली, १९०० च्या सुमारास ते पूर्ण अंध झाले, आणि १९०३ मध्ये त्यांनी नव्याने अंध होणाऱ्यांसाठी एक पुस्तक लिहिले. वाचणारा डोळा कसा चालतो हे जगाला सांगणाऱ्या माणसाची ही अखेरची वर्षे.

हेरिंग यांच्या नळ्या सौम्यच म्हणायच्या. अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी १८९८ च्या सुमारास प्लास्टर ऑफ पॅरिसची एक वाटी वाचणाऱ्याच्या बुबुळावर बसवली. वाटीला मधोमध छिद्र, तिला जोडलेली हलकी काडी, आणि काडीच्या टोकाने काजळी धरलेल्या फिरत्या पिंपावर उठणारी रेघ. वेदना होऊ नये म्हणून डोळा औषधाने बधिर केलेला. ती रेघ पायऱ्यापायऱ्यांची निघाली: आडवा टप्पा म्हणजे थांबा, उभी चढण म्हणजे उडी. पुढे रेमंड डॉज यांनी बुबुळावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे छायाचित्रण करून हेच काम डोळ्याला हात न लावता साधले.

आज या उड्यांचा तपशील चांगला ठाऊक आहे. वाचताना डोळा एका थांब्यावर सेकंदाचा पाव भाग किंवा त्याहून किंचित कमी काळ थांबतो. वाचनातली एक उडी सुमारे ३० मिलिसेकंदांची. दहा अंशांची, म्हणजे मुठीच्या रुंदीएवढ्या अंतरावरच्या दोन वस्तूंमधली, उडी घ्यायला ४० ते ५० मिलिसेकंद पुरतात. (ही मूठ हाताच्या अंतरावर धरलेली.) मोठ्या उड्यांचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्याही वर जातो. आपल्या देहात इतक्या वेगाने फिरणारे दुसरे काही क्वचितच सापडेल. आणि ही उडी गोफणीच्या दगडासारखी असते: एकदा सुटली की वाटेत तिची दिशा बदलणे जवळजवळ अशक्य. सलग सरकण्याची कला डोळ्याला अजिबातच येत नाही असे नाही. आकाशातल्या पतंगामागे किंवा स्वतःच्याच हलत्या बोटामागे तो अगदी मऊपणे जातो. पण मागे जायला हलते काही तरी हवे. रिकाम्या भिंतीवर डोळा सावकाश सरकवून पाहा. तो अडखळतच जाईल.

आता थोडे ढोबळ गणित. सेकंदाला तीन उड्या, प्रत्येक ४० मिलिसेकंदांची धरली, तर दर सेकंदातले १२० मिलिसेकंद उडण्यातच जातात. सोळा तासांच्या जागेपणात उड्या होतात पावणेदोन लाखांच्या घरात, आणि त्यांचा एकूण काळ भरतो १ तास ५५ मिनिटे. रोजचे जवळपास दोन तास दृष्टिपटलावर निव्वळ फराटे उमटत असतात. कॅमेरा इतक्या वेगाने फिरवला तर चित्रफीत बघवणार नाही. आपल्याला मात्र एकही फराटा आठवत नाही.

याचा सर्वांत सोपा पुरावा आरशात मिळतो. एर्डमान आणि डॉज यांनी वाचनावरच्या आपल्या १८९८ च्या जर्मन ग्रंथात त्याची नोंद केलेली आहे. आरशात आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्याकडे, पुन्हा डाव्याकडे. डोळे हललेले दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते टकाटक हलताना दिसतील, तुम्हाला ते नेहमी स्थिरच सापडतील. हाच प्रयोग मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्यात केला तर गंमत होते: डोळे हललेले दिसतात! पडद्यावर चित्र उमटायला किंचित उशीर होतो, तेवढ्यात आपली उडी संपलेली असते आणि आपण आपलीच शिळी उडी बघतो.

मग उडीच्या काळात मेंदू डोळ्याचा पडदा सरळ पाडून टाकतो का? पुष्कळ ठिकाणी तसे लिहिलेले असते. पण ते पुरते खरे नाही, आणि खोटे पाडायला प्रयोगशाळेची गरज नाही. लोकल वेगात असताना खिडकीतून शेजारच्या रुळांकडे पाहा. रुळांखालचे स्लीपर धूसर पट्ट्यासारखे मागे पळत असतात. आता नजर पुढून मागे झटकन टाका. क्षणभर स्लीपर थिजल्यासारखे स्वच्छ दिसतील. उडीचा वेग आणि स्लीपरांचा वेग त्या क्षणी जुळला, दृष्टिपटलावरची प्रतिमा स्थिरावली, आणि उडी चालू असतानाच आपल्याला दिसले.

दुसरा प्रयोग दिवाळीतलाच आहे. गॅलरीत लावलेल्या एलईडीच्या स्वस्त माळांतले दिवे पुष्कळदा अखंड पेटलेले नसतात. आपल्याकडच्या विजेच्या ५० हर्ट्झच्या लयीत ते सेकंदाला १०० वेळा, काही माळांत ५० वेळा, विझून पेटतात. सरळ पाहिले तर हे जाणवत नाही. अंधारात अशा एका दिव्याच्या डावीकडून उजवीकडे नजर झटकन टाका. एका दिव्याच्या जागी चारपाच ठिपक्यांची ओळ चमकून जाईल. ५० मिलिसेकंदांच्या उडीत दिवा पाच वेळा पेटला, दर वेळी दृष्टिपटलाच्या वेगळ्या जागेवर. तेलाच्या पणतीसमोर हेच करा. ठिपके उमटणार नाहीत, कारण पणती तेवत असते, लुकलुकत नसते. माझ्या घरातल्या लहान मुलांना हा प्रयोग फुलबाज्यांइतकाच आवडतो.

पडदा पडत नाही, तर मग फराटे जातात कुठे? उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला भाग रॉस, मॉरोन आणि बर यांच्या १९९४ च्या कामात स्पष्ट झाला. उडी सुरू होण्याच्या किंचित आधीपासूनच मेंदू ठरावीक प्रकारचे संदेश दबवतो. मोठमोठे, ढोबळ, उजेड-काळोखाचे आकार आणि त्यांची हालचाल दाखवणारे संदेश क्षीण होतात. केवळ रंगांच्या फरकाने काढलेले आकार तसे दबत नाहीत. म्हणजे दबाव निवडक असतो, आणि ज्यातून 'सारे जग गरकन फिरले' असा भास झाला असता नेमके तेच दाबले जाते. दुसरा भाग त्याआधीच, १९७८ मध्ये, कॅम्पबेल आणि वुर्ट्झ यांनी दाखवला होता. काळोख्या खोलीत नेमक्या उडीच्या काळात दिवा लावून विझवला, तर माणसाला फराटा दिसतो. पण उडी संपल्यानंतरही दिवा थोडा वेळ चालू ठेवला तर तो फराटा नाहीसा होतो. नंतर आलेले स्वच्छ चित्र आधीचे मळके चित्र पुसून टाकते. मला स्वतःला हा दुसरा भाग अधिक विलक्षण वाटतो. आपण अनुभवतो ती क्षणांची क्रमवार नोंद नव्हे. मागचे पान फाडून पुढच्या पानावरून पुन्हा लिहिलेली वही आहे.

भिंतीवरच्या घड्याळाचा प्रसिद्ध भास याच खात्यातला. सेकंदकाटा असलेल्या घड्याळाकडे एकदम नजर टाकली की पहिला सेकंद कधीकधी लांबलेला वाटतो. घड्याळ बंद पडले की काय, अशी शंका येते. यॅरो, हॅगर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लंडनमध्ये यावर प्रयोग केले. त्यांच्या मते उडीत गेलेला रिकामा वेळ मेंदू उडीनंतरच्या चित्राच्या नावे मागील तारखेने जमा करतो. ती सारी वेळ काटा तिथेच होता, असे आपल्याला वाटते. मागील तारखेची नोंद हा प्रकार आपल्याला कागदोपत्री चांगलाच परिचयाचा आहे.

फराट्यांचा निकाल लागला तरी एक कोडे उरते. प्रत्येक उडीनंतर दृष्टिपटलावरचे चित्र वेगळ्याच जागी जाते, तरी खोली जागची हलत नाही. हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात या कोड्याकडे लक्ष वेधले. एक डोळा मिटा, दुसऱ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला पापणीवरून बोटाने अगदी हलकेच दाब द्या. खोली हलते. स्नायूंनी डोळा हलवला तर जग स्थिर, बोटाने हलवला तर जग डळमळते. फरक कशाचा? स्नायूंना हुकूम मेंदूने दिलेला असतो. सरकारी पत्राच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी' असे लिहून आणखी एका टेबलावर नक्कल पाठवतात, तसाच प्रकार इथे आहे. डोळ्याच्या स्नायूंना आदेश जातो आणि त्याची एक नक्कल दृष्टीच्या खात्याकडे रवाना होते: आता चित्र सरकेल, दचकू नका. १९५० साली फोन होल्स्ट व मिटेलश्टेट यांनी जर्मनीत, आणि स्वतंत्रपणे स्पेरी यांनी अमेरिकेत, ही कल्पना मांडली. पहिल्या जोडीने एका माशीचे डोके उलटे फिरवून चिकटवले होते. पट्टेदार पिंपात ठेवल्यावर ती बिचारी गरगर फिरत राहिली, कारण नक्कल आणि प्रत्यक्ष यांचा ताळमेळ सुटला होता. नकलेची वाट माकडांच्या मेंदूत नेमकी कुठून जाते हे सॉमर आणि वुर्ट्झ यांनी २००२ मध्ये दाखवले.

या सगळ्या उठाठेवीपेक्षा डोळा स्थिरच असता तर? महाभारतातल्या नलोपाख्यानात दमयंतीपुढे नळाचेच रूप घेऊन देव उभे राहतात, आणि ती त्यांना ओळखते त्या खुणांपैकी एक म्हणजे त्यांचे न लवणारे, स्तब्ध डोळे. अशा डोळ्यांना दमयंती दिसली कशी, हा प्रश्न शरीरशास्त्राला पडायला हवा. स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी १८०४ मध्येच नोंदवले होते की एका बिंदूवर टक लावली की कडेच्या वस्तू विरून जातात. त्राटक करणाऱ्यांना हा अनुभव नवा नसेल. १९५० च्या दशकात इंग्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी, आणि मॉस्कोत याबर्स यांनी, डोळ्याबरोबरच हलणारे चित्र डोळ्यासमोर बसवले, म्हणजे दृष्टिपटलावर ते अगदी स्थिर राहावे. काही सेकंदांतच चित्र फिके पडून गेले. खिळलेली वाटणारी नजरही प्रत्यक्षात बारीक थरथरत, सरकत, सूक्ष्म उड्या मारत असते, आणि म्हणूनच तिला दिसत राहते.

याबर्स यांचा दुसरा प्रयोग मला या विषयाचा गाभा वाटतो. रेपिन यांचे एक चित्र आहे. दीर्घकाळ दूर राहिलेला माणूस अनपेक्षितपणे घरात शिरतो आहे आणि घरातले दचकून बघत आहेत. याबर्स यांनी एकाच माणसाला हे चित्र वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवले आणि दर वेळी त्याच्या डोळ्यांचा मार्ग टिपला. माणसांची वये विचारली तर नजर चेहऱ्यांवरून चेहऱ्यांवर गेली. घरची सांपत्तिक स्थिती विचारली तर सामानावर आणि कपड्यांवर. चित्र तेच, डोळे तेच, उड्या मात्र वेगळ्या. डोळा कुठे उतरणार ते मनातला प्रश्न ठरवतो. ज्याच्याबद्दल प्रश्नच नाही तिथे तो उतरत नाही.

मी अनेक वर्षे मुद्रिते तपासण्याचे काम करते, त्यामुळे वाचनाच्या संशोधनाकडे माझे लक्ष जाणे साहजिकच. मॅककॉन्की आणि रेनर यांनी १९७५ मध्ये संगणकाच्या पडद्यावर एक सरकती खिडकी केली. डोळा जिथे असेल तिथली काही अक्षरे खरी, बाकी सगळी 'एक्स'. खिडकी पुरेशी मोठी असली तर वाचणाऱ्याला अडचण येत नव्हती. इंग्रजीसाठी ही पुरेशी खिडकी नजरेच्या उजवीकडे सुमारे १५ अक्षरे आणि डावीकडे तीनचार एवढीच निघाली. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. त्या वाचकांत तिचा कल नेमका उलटा आढळला. वाचक लहान शब्दांवर पुष्कळदा उतरतही नाही, त्यांच्यावरून उडून जातो. 'व', 'ही', 'तर' यांतल्या चुका आणि ओळीच्या शेवटी व पुढच्या ओळीच्या आरंभी दोनदा पडलेला 'की' टिकून राहतात ते यामुळे. छापखान्यांतली जुनी पद्धत अशी की एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मुद्रित पाहायचे. आवाज डोळ्याला घाई करू देत नाही. ओळीखाली पट्टी धरण्याची सवयही त्यासाठीच.

पानावर निसटलेली चूक फार तर शुद्धिपत्रात जाते. रस्त्यावरची जात नाही. जॉन ग्राइम्स यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोक छायाचित्रे पाहत असताना, नेमक्या उडीच्या काळात, चित्रात बदल केले जात. बाकावर बसलेल्या दोन माणसांची डोकी एकमेकांत बदलली, तरी निम्म्या लोकांच्या ते लक्षात आले नाही. 'काही बदल होईल' हे त्यांना आधी सांगितलेले होते. एरवी कुठे बदल झाला तर हालचालीमुळे नजर तिकडे ओढली जाते. बदल उडीत झाला की ओढणारे काही उरत नाही.

आता सिग्नल नसलेल्या तिठ्यावर मोटार घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. तो उजवीकडे पाहतो. मान फिरते, डोळे त्या बाजूला दोनतीन उड्यांत रस्ता घेतात, आणि बाकीचा रस्ता मेंदू आधीच्या-नंतरच्या चित्रांतून भरून काढतो. साठ मीटरवरून येणारी मोटरसायकल समोरून पाऊण अंशाहून फारशी रुंद दिसत नाही. लांब केलेल्या हाताच्या अंगठ्याच्या नखाच्या निम्मी. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने ती चारसव्वाचार सेकंदांत तिठ्यावर पोहोचते. त्यात दोन्ही वाहने एकाच बिंदूकडे एकसारख्या वेगाने निघालेली असली, तर ती मोटरसायकल चालकाच्या नजरेच्या क्षेत्रात सरकतही नाही, एकाच जागी राहून फक्त मोठी होत जाते. समोरच्या काचेच्या खांबाआड ती सापडली तर खांबाआडच राहते. आणि चालकाच्या मनातला प्रश्न बहुधा 'गाडी येते आहे का' असा असतो. गाडी म्हणजे मोटार किंवा ट्रक. अपघातानंतर तो सांगतो, 'मी पाहिलं होतं, रस्ता मोकळा होता, हा आला कुठून कळलंच नाही.' पंचनाम्यात हे वाक्य सारवासारव ठरते. काही वेळा ते तसे असेलही. पण त्याने जे पाहिले ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलेले असण्याची शक्यता मला बरीच मोठी वाटते, आणि त्यामुळेच त्याच्या सांगण्याचा उपयोग कमी.

सगळा दोष उडीच्या ४० मिलिसेकंदांवर टाकणेही बरोबर नाही. येणारे वाहन तेवढ्या काळात गडप होत नाही. अडचण अशी की उड्या मोठ्या, थांबे थोडे, आणि मधल्या न पाहिलेल्या जागा पाहिल्यासारख्या वाटणाऱ्या. वैमानिकांना हे शिकवले जाते. आकाशातले दुसरे विमान शोधताना एकेक उडी दहा अंशांपेक्षा मोठी नको आणि प्रत्येक तुकड्यावर किमान एक सेकंद थांबा, असे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे मार्गदर्शन आहे. आपल्याकडे वाहनपरवान्यासाठी आठचा आकडा काढून दाखवावा लागतो, चिन्हे पाठ करावी लागतात. तिठ्यावर उजवीकडे पाहायचे म्हणजे नजर कुठे कुठे उतरवायची, दूरच्या टोकाला एकदा, मध्ये एकदा, जवळ एकदा, आणि डावीकडे पाहून झाल्यावर पुन्हा एकदा उजवीकडे पाहताना आधीच्या थांब्यांपेक्षा निराळ्या जागी, हे शिकवताना मी तरी कोणाला ऐकलेले नाही. याला तीनचार सेकंद लागतात. मागचा हॉर्न वाजवायला लागतो तो साधारण दुसऱ्या सेकंदाला.